चित्रकथींच्या पोथ्या : चित्र कीं ग्रंथ ?

(१)

महाराष्ट्रांतील कांहीं सार्वजनिक व अनेक खाजगी संग्रहांत एका विशिष्ट धाटणीचीं चित्रें आढळतात. सुमारें सोळा इंच लांब व बारा इंच रुंद असा आडवा कागद. त्यावर ठसठशीत काळ्या रेषेनें काढलेल्या, एकमेकींकडे तोंड करून उभ्या असलेल्या दोन-चार आकृति. चेहरा बाजूनें दाखविलेला, परंतु त्यांत डोळा मात्र समोरून दिसावा तसा मोठा व वाटोळा. तांबडा, पिंवळा, हिरवा, निळा असे मोजकेच भरीव रंग. या चित्रांस 'पैठणचीं चित्रें' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तीं बहुधा चौकटींत बसवून, खालीं 'युद्धप्रसंग' किंवा 'दोन वीर' अशी एखादी ओळ लिहून भिंतीवर लाविलेलीं असतात. प्रस्तुत लेखांत आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, या नांवांत एक चूक आहे आणि या चौकटींत त्याहून मोठी चूक आहे. ही दुसरी चूक आपणां संग्राहकांच्या व संशोधकांच्या हातून घडत असल्यामुळें ती सुधारणेंही आपल्याच हातीं आहे.

प्रथम वस्तूचें स्वरूप पाहूं. ज्यांच्या घरांत हीं चित्रें पिढ्यान्‌पिढ्या होतीं ते लोक त्यांस 'पोथी' म्हणतात. एका आख्यानाची एक पोथी. दोन चित्रित कागद पाठीला पाठ लावून चिकटविले म्हणजे एक पान तयार होतें. अशीं कित्येक पानें, न शिवतां, क्रमानें एकावर एक ठेवून फडक्यांत बांधलेलीं असतात. आख्यान सांगणारा बैठक मारून बसतो, पानें फळीला टेकवून श्रोत्यांसमोर उभीं धरतो, आणि वीणा, हुडुक व टाळ यांच्या साथीवर कथा गात व बोलत एकेक पान पालटीत जातो. या कथेकऱ्यास आणि त्याच्या कलेसही चित्रकथी हें एकच नांव आहे. तेव्हां ज्यास आपण चित्र म्हणून भिंतीवर लावतों तें वस्तुतः एका ग्रंथाचें सुटें पत्र होय. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांतील एखादें पत्र अक्षर सुंदर आहे म्हणून काढून कांचेखालीं बसविण्याची कल्पनाही या त्रैमासिकाच्या वाचकांस सहन होणार नाहीं. चित्रकथीच्या पोथीस मात्र आपण तोच न्याय लावीत नाहीं.

(२)

चित्र दाखवून कथा सांगण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. पतंजलीनें महाभाष्यांत 'हेतुमति च' या सूत्रावरील विवेचनांत एक मार्मिक शंका घेतली आहे. कंस तर केव्हांच मारला गेला. मग त्याला मारवितात असा वर्तमानकाळाचा प्रयोग कसा जुळतो? उत्तर देतांना तो तीन प्रकारच्या लोकांचा निर्देश करतो. एक, प्रत्यक्ष प्रसंग करून दाखविणारे. दुसरें, चित्रें, ज्यांत उगारलेले व पडत असलेले प्रहार डोळ्यांस दिसतात. आणि तिसरे ग्रंथिक, जे शब्दांच्याच बळावर कंसाची जन्मापासून नाशापर्यंतची हकीकत श्रोत्यांच्या मनांत उभी करतात.

मुद्राराक्षसाच्या पहिल्या अंकांत चाणक्याचा हेर निपुणक यमपट घेऊन, गाणें म्हणत घरोघर फिरतो आणि त्या निमित्तानें चंदनदासाच्या घरांत शिरून राक्षसाची मुद्रा मिळवितो. बाणाच्या हर्षचरितांत, पित्याच्या आजाराची वार्ता ऐकून घाईनें परतणाऱ्या हर्षास बाजारांत पोरांच्या गराड्यांत उभा असलेला यमपट्टिक दिसतो. तो एका हातानें पट सांवरून दुसऱ्या हातांतील काडीनें परलोकाची हकीकत दाखवून सांगत असतो. पुढें कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासांत, म्हणजे बाराव्या शतकांत, चित्रांच्या साहाय्यानें कथा सांगणाऱ्याचा चित्रकथक या नांवानेंच उल्लेख येतो.

या उल्लेखांची माळ ओवून पिंगुळीच्या पोथीचा वंश थेट पतंजलीपर्यंत नेण्याचा मोह आमच्यासारख्या संस्कृताच्या पठडींतील माणसास होतो, आणि कांहीं वर्षांपूर्वीं तो आम्हांसही झाला होता. पण त्या उल्लेखांवरून व्यवसायाचें प्राचीनत्व सिद्ध होतें, वंशपरंपरा सिद्ध होत नाहीं. बाणाचा यमपट्टिक कापडाचा पट दाखवितो, पिंगुळीचा चित्रकथी कागदाचीं पानें दाखवितो. त्याचा विषय यमलोक, याचा विषय रामायण-भारतांतील आख्यानें. साम्य आहे तितकेंच भेदही आहेत, आणि भेद झांकून ठेवणें हें संशोधन नव्हे.

पतंजलीपासून आम्ही निराळीच गोष्ट घ्यावी असें म्हणतों. त्यानें चित्र व कथन यांचा विचार एकाच प्रश्नाच्या उत्तरांत केला. होऊन गेलेली गोष्ट श्रोत्यापुढें वर्तमान करणें हें दोहोंचेंही कार्य त्यानें ओळखलें. चित्रकथींत हीं दोन्ही साधनें एकाच माणसाच्या हातीं येतात. म्हणून त्यांतील चित्राची परीक्षा कथन वगळून केली तर ती अर्धीच होते.

(३)

आतां नांवाविषयीं. हीं चित्रें पैठणकडून आलेलीं म्हणून प्रथम संग्रहांत दाखल झालीं व त्यामुळें त्यांस पैठणचें नांव चिकटलें. पुण्याचे कै. दिनकर गंगाधर केळकर यांनीं ज्या काळीं अशा वस्तूंकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतें त्या काळीं त्या मोठ्या कष्टानें जमविल्या. त्यांचा संग्रह १९७५ सालीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला आणि आज तो राजा दिनकर केळकर संग्रहालयांत सुरक्षित आहे. त्यांचें ऋण मान्य केल्याविना या विषयावर कोणीं लेखणी उचलूं नये. परंतु संग्राहकास वस्तु जेथें मिळते तेंच तिचें जन्मस्थान असतें असें नाहीं. चित्रकथी हे फिरते लोक. देशावरही त्यांची वस्ती व भ्रमंती होती. त्यांच्यासमागमें पोथ्याही फिरल्या, विकल्या गेल्या, गहाण पडल्या.

ही परंपरा जेथें आजतागायत नांदत आहे तें ठिकाण म्हणजे कुडाळनजीकचें पिंगुळी गांव, आणि ती चालविणारे लोक म्हणजे तेथील गुढीपुरांतील ठाकर. पूर्वीं हा मुलूख सावंतवाडी संस्थानच्या अंमलाखालीं होता. आज तो १९८१ सालीं निर्माण झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मोडतो. सावंत-भोसल्यांचा आश्रय, देवळांतील उत्सवप्रसंगीं कथा लावण्याचा रिवाज आणि गांवोगांवचा ठरलेला मान यांवर या घरांचा योगक्षेम चाले. हेच ठाकर कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या बाहुल्या नाचवितात. चामड्याच्या बाहुलींत व पोथींतील आकृतींत जें साम्य दिसतें, म्हणजे बाजूचा चेहरा, एकच मोठा डोळा आणि सबंध अंगाची स्पष्ट बाह्यरेषा, त्याचा उलगडा पैठणकडे पाहून होत नाहीं. पिंगुळीच्या एकाच घरांत दोन्ही वस्तु शेजारीं टांगलेल्या पाहिल्या म्हणजे होतो. सर्वच जुन्या पोथ्या पिंगुळीस रंगविल्या गेल्या असें आम्ही म्हणत नाहीं, कारण त्यांत एकाहून अधिक शैली स्पष्ट दिसतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, संग्रहाच्या यादींत 'चित्रकथी पोथीचें पान' असें लिहावें आणि स्थळ पुराव्यानें ठरेल तेव्हांच घालावें.

(४)

या चित्रांवर सामान्यतः तीन आक्षेप घेतले जातात. सर्व चेहरे एकाच सांच्याचे आहेत. पार्श्वभूमि जवळ जवळ नाहींच. आणि समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन पक्षांचाच देखावा पानोपानीं येऊन कंटाळा आणतो. चौकटींतील एकेकटें चित्र पाहणारास हे आक्षेप रास्त वाटतील. पानें फळीला टेकवून रात्रीच्या वेळीं दिव्याच्या उजेडांत पालटलीं जात आहेत असें डोळ्यांपुढें आणलें म्हणजे त्यांचा निराळाच अर्थ लागतो.

दरबारी लघुचित्र एका धन्यानें हातांत घेऊन न्याहाळावयाचें असतें. म्हणून त्यांत गवताचें पातें न्‌ पातें मोजून काढलेलें असतें. चित्रकथीचें पान देवळाच्या मंडपांत बसलेल्या साऱ्या गांवानें, कित्येक हातांच्या अंतरावरून, हालत्या ज्योतीच्या प्रकाशांत पाहावयाचें असतें. तेथें बारीक नकशी वायां जाते. म्हणून आकृति कागदभर मोठी, रेषा जाड, रंग सपाट व परस्परांपासून तत्काळ ओळखूं येणारे. अरण्य दाखवावयाचें तर एक-दोन झाडें पुरतात; रणांगण दाखवावयाचें तर दोन रथ व मधली बाणांची जाळी पुरते. बाकीचें अरण्य आणि बाकीचें सैन्य कथेकऱ्याच्या वाणीनें पुरवावयाचें असतें. चित्रकारानें तेवढी जागा जाणूनबुजून मोकळी ठेविली आहे.

समोरासमोरच्या देखाव्याचेंही तेंच. या आख्यानांचा प्राण संवादांत आहे. रावण व अंगद, अर्जुन व बभ्रुवाहन, मारुति व राक्षस हे जेव्हां पानावर एकमेकांसमोर ठाकतात तेव्हां कथेकरी दोघांचेंही बोलणें आपल्या एकाच कंठांतून काढीत असतो. कोणाची पाळी आहे हें श्रोत्यास आकृतीच्या उगारलेल्या हातावरून कळतें. एकाच धाटणीचीं पांच पानें लागोपाठ आलीं तरी तीं पांच निरनिराळ्या उत्तर-प्रत्युत्तरांचीं पानें असूं शकतात. क्रम मोडला कीं तीं पांच सारखीं चित्रें होतात. पुनरुक्तीचा दोष अशा रीतीनें पुष्कळदां चित्रकाराचा नसून पोथी फोडणाराचा ठरतो.

तथापि जें जुनें तें सर्व उत्तम, असें म्हणण्याची आमची तयारी नाहीं. आमच्या पाहण्यांतील एका पोथींत दोन हात स्पष्ट दिसतात. पहिल्या हाताची रेषा खांद्यापासून मनगटापर्यंत न थांबतां जाते आणि धनुष्य ओढणाऱ्या दंडांत खरोखर ओढ दिसते. दुसरा हात बहुधा जीर्ण झालेल्या पानांच्या जागीं नवीं पानें भरणाऱ्याचा असावा. त्यानें जुन्या पानांची नक्कल केली आहे, पण रेषा जागोजाग उचलून पुन्हां टेकविली आहे. त्यामुळें वीर उभा आहे, लढत नाहीं. असा विवेक प्रत्येक पोथीच्या बाबतींत केला पाहिजे. पण तो करण्यास पोथी अखंड हवी. तुलनेस शेजारचें पानच नसेल तर परीक्षक निवाडा तरी कशावरून करणार ?

(५)

चित्रामागचा पाठ कोणता, हा प्रश्न आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि याच बाबतींत आमच्या हातून घडलेला एक प्रमाद येथें सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

एका स्नेह्यानें बाजारांतून असें एक पान चौकटीसह विकत घेतलें व त्यांतील विषय ओळखण्यासाठीं आम्हांस बोलाविलें. मुकुटधारी तरुण राजपुत्र धनुष्य ओढून उभा. समोर फणा काढलेले, मनुष्यमुखी नाग शस्त्रें घेऊन चालून येत आहेत. आम्हीं क्षणाचाही विलंब न लावतां निर्णय दिला कीं, हा जनमेजय व हें सर्पसत्र. चित्रांत अग्निकुंड नाहीं, ऋत्विज नाहींत, ही गोष्ट आम्हांस खटकावयास हवी होती. ती खटकलीही, पण आम्हीं ती चित्रकाराच्या अज्ञानावर ढकलून मोकळे झालों. चौकटीखालीं आमच्याच हस्ताक्षरांत 'सर्पसत्र' अशी चिठ्ठी लागली व ती तशीच कांहीं वर्षें राहिली.

पुढें चौकटीस वाळवी लागल्यामुळें ती उघडावी लागली, आणि पानाची पाठ प्रथमच दृष्टीस पडली. तिच्यावर कपिध्वज असलेला रथ, रथापुढें पडलेलें मस्तकहीन धड, व त्याशेजारीं शोक करणाऱ्या दोन स्त्रिया होत्या. शंकेस जागाच उरली नाहीं. धड अर्जुनाचें, स्त्रिया चित्रांगदा व उलूपी, आणि पुढल्या बाजूचा राजपुत्र बभ्रुवाहन. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वांत पुत्राच्या बाणानें पडलेल्या अर्जुनास उलूपी आपल्या मण्यानें उठविते. तेथें नागांशीं युद्ध नाहीं. जैमिनीच्या अश्वमेधांत मात्र बभ्रुवाहन मण्यासाठीं पाताळांत जाऊन नागांशीं झुंजतो, आणि मराठी श्रोत्यांस हीच कथा परिचयाची होती. चित्रकारास आपली कथा पक्की ठाऊक होती. अज्ञान आमचें होतें. आम्हीं व्यासांच्या पाठाची मोजपट्टी अशा चित्रास लाविली कीं ज्याचा पाठच दुसरा होता. आणि पुरावा आमच्या निर्णयापासून एका कागदाच्या जाडीवर, चौकटीच्या लांकडी पाठीशीं तोंड करून बसला होता.

आमचे स्नेही लगेच विक्रेत्याकडे गेले. त्याच्यापाशीं त्याच गठ्ठ्यांतील आणखी पानें होतीं काय ? होतीं, पण तीं सुटीं सुटीं केव्हांच विकलीं गेलीं होतीं, आणि कोणास विकलीं याचा त्यानें टांक ठेविला नव्हता. अर्जुन पुन्हां उठला तें पान आज कोणाच्या तरी दिवाणखान्यांत असेल, आणि त्याच्याखालीं आमच्यासारख्याच कोणा विद्वानाची चुकीची चिठ्ठी असेल.

या अनुभवानंतर आम्ही 'अशुद्ध कथा' हा शब्दप्रयोग सोडून दिला. अहिरावण-महिरावणाचें आख्यान वाल्मीकींत नाहीं म्हणून तें चित्रकथीचें अज्ञान ठरत नाहीं; मराठी रामकथेच्या श्रोत्यांस तें घरचें आहे. एकनाथांचें भावार्थरामायण, श्रीधरांचा रामविजय (शके १६२५, इ. स. १७०३) व पांडवप्रताप (शके १६३४, इ. स. १७१२) हे ग्रंथ देवळोदेवळीं वाचले जात असतां, त्यांच्याच श्रोत्यांपुढें चित्रकथी आपली पोथी लावीत असे. तेव्हां पानांतील प्रसंग ओळखतांना प्रथम मराठी आख्यानकवि, नंतर मूळ संस्कृत, असा क्रम ठेवला पाहिजे. आणि या दोहोंच्याही आधीं कथेकऱ्याच्या तोंडची कथा ऐकली पाहिजे, कारण तो जेथें श्रीधरांपासूनही वेगळा जातो तेथें त्याच्या घराण्याचा स्वतंत्र पाठ हातीं लागण्याचा संभव असतो. हस्तलिखितांच्या बाबतींत ज्यास आपण पाठभेद म्हणून आदरानें टिपून ठेवतों, त्याच आदरास हाही पात्र आहे.

(६)

आज स्थिति काय आहे ? संस्थान १९४८ सालीं विलीन झाल्यावर राजाश्रय संपला; रात्रभर बसून कथा ऐकणारा श्रोता पुढें हळूहळू विरळ झाला. अडचणीच्या दिवसांत पुष्कळ पोथ्या घरांबाहेर गेल्या, आणि कांहीं पानें थेट लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमपर्यंत पोंचलीं. ज्यांनीं विकल्या त्यांस दोष देण्याचा अधिकार आपणांस नाहीं. विकत घेणारे आपणच होतों. सुदैवानें परंपरा तुटली नाहीं. पिंगुळीच्या श्री. परशुराम गंगावणे यांनीं व त्यांच्या कुटुंबीयांनीं ठाकर आदिवासी कला आंगण उभारून तेथें बाहुल्या व पोथ्या जपल्या, खेळ चालू ठेवले, आणि २०२१ सालीं भारत सरकारनें श्री. गंगावणे यांस पद्मश्री देऊन त्या श्रमांचा गौरव केला.

तेथें व अन्यत्र नवीं चित्रेंही काढलीं जातात आणि सुटीं विकलीं जातात. त्यास आमचा विरोध नाहीं. कलावंतास पोट आहे. पण परीक्षक म्हणून एक भेद नमूद केला पाहिजे. भिंतीसाठीं काढलेल्या चित्रास पुढचें पान नसतें, म्हणून चित्रकार सारी कथा एकाच कागदांत सांगूं पाहतो. कांठाची नकशी वाढते, आकृति लहान होतात, आणि कथनासाठीं सोडलेली मोकळी जागा भरून जाते. तें सुंदर असेल, परंतु तें निराळ्या जातीचें काम आहे. घेणाऱ्यांनीं एकेका चित्राऐवजीं एखादें लहानसें आख्यान सबंध रंगवून मागितलें, आणि तें सांगण्यासही कलावंतास योग्य बिदागी देऊन बोलाविलें, तर जुनी रीत जगण्यास त्याहून मोठें साह्य दुसरें नाहीं.

(७)

शेवटीं संग्राहक बंधूंस कांहीं सूचना करून हा लेख पुरा करूं. ज्यांच्यापाशीं अखंड पोथी असेल त्यांनीं ती कोणत्याही कारणास्तव फोडूं नये, आणि तिचीं पानें हल्लीं ज्या क्रमानें आहेत तो क्रम, चुकीचा वाटला तरी, आधीं लिहून ठेवावा व मगच बदलावा. ज्यांच्यापाशीं सुटें पान असेल त्यांनीं चौकट उघडून पाठ पाहावी, दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें, व पानावर आंकडा अथवा अक्षर असल्यास तें जसेंच्या तसें उतरून घ्यावें. चिकटविलेले दोन कागद भिजवून वेगळे करण्याच्या फंदांत पडूं नये. एकाचीं दोन चित्रें होतात खरीं, पण शेजारचा पुरावा कायमचा जातो. कागद उजेडापुढें धरून त्यांत जलचिन्ह आहे काय हें पाहावें, कारण कालनिर्णयास तें उपयोगी पडतें. कोपऱ्यांवरचे बोटांचे व तेलाचे डाग पुसूं नयेत. पोथी किती वेळां व कशी हाताळली गेली याची साक्ष तेच देतात. पान कोठून, केव्हां व कोणाकडून आलें हें आठवत आहे तोंवरच लिहून ठेवावें.

याहून निकडीचें एक काम आहे. आपापल्या संग्रहांतील पानांच्या याद्या, मापें, कागद व प्रसंग यांसह, एकत्र केल्या तर निरनिराळ्या घरीं पडलेलीं एकाच पोथीचीं पानें निदान यादीपुरतीं तरी पुन्हां जुळवितां येतील. आणि तशीं जुळलेलीं छायाचित्रें घेऊन पिंगुळीस जाऊन बसावें, तेथील वृद्ध कथेकऱ्यांपुढें तीं एकामागून एक ठेवावीं, व ते जें सांगतील तें अक्षरशः उतरून घ्यावें. पानें आणखी शंभर वर्षें टिकतील; सांगणारे इतके टिकणार नाहींत. हस्तलिखितांच्या शोधांत आपण गांवोगांव हिंडलों, माळ्यांवरचीं दप्तरें सोडलीं. या ग्रंथाचा अर्धा भाग माळ्यावर नाहीं, माणसाच्या कंठांत आहे, हें ध्यानांत घेऊन या कामास विलंब न लावतां हात घालावा.

बभ्रुवाहनाच्या ज्या पानाची हकीकत वर दिली त्याखालची आमची चिठ्ठी आम्हीं काढून टाकली आहे. आमच्या स्नेह्यानें पान चौकटींत पुन्हां न बसवितां फडक्यांत बांधून ठेविलें आहे. त्याच मापाचें, त्याच हाताचें, कपिध्वज रथाचें एखादें पान कोणा वाचकांपाशीं असल्यास त्यांनीं या त्रैमासिकाच्या पत्त्यावर अवश्य कळवावें, अशी विनंति आहे.